गिअरबॉक्सची सोलकढी

ढोल अकरा, ताशे चार, ध्वज दोन आणि ट्रक एक. ह्यूस्टनमधल्या आमच्या पथकाची एवढीच मालमत्ता. यातला शेवटचा ऐवज माझ्या पगारातून आलाय, हे पथकात आता कुणालाच आठवत नाही.

ट्रक म्हणजे आपला दहा टायरचा, मागं लिंबू-मिरची लोंबणारा नव्हे. इथं पुढं पाच माणसं बसतात, मागं उघडा हौदा असतो, त्याला ट्रक म्हणतात. तो मी घेतला हौसेनं. ज्याच्याकडे ट्रक असतो त्याला मित्र फार होतात, हे घेतल्यावर कळलं. मग मित्रांचे सोफे आले, पाठोपाठ मंडळाचं मखर आलं, आणि शेवटी ढोल आले. ढोल हौद्यात मावेनात म्हणून ट्रेलर आला.

गणपतीला तीन आठवडे असताना तो ट्रेलर ओढत तालमीला निघालो. बाहेर उन्हाचा पारा अठ्ठ्याण्णव फॅरनहाइटवर. केटी फ्रीवेवर काही ठिकाणी बाजूचे रस्ते धरून २६ लेन भरतात, आणि त्या दिवशी सव्वीसच्या सव्वीस उभ्या होत्या. दोन फूट पुढं, ब्रेक. दोन फूट पुढं, ब्रेक. तेवढ्यात गिअरबॉक्सच्या तापमानाचा काटा २४० फॅरनहाइटला जाऊन बसला. पाणी २१२ ला उकळतं. शेजारी बसलेल्या ताशेवाल्यानं विचारलं, "दादा, काहीतरी करपलंय का?" मी म्हटलं, "माझा खिसा."

झालं होतं असं. ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाची ताकद तेलातून पुढं जाते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये एक पंखा तेल ढवळतो, त्या तेलाच्या जोरावर समोरचा दुसरा पंखा फिरतो. ओझं जास्त आणि थांबत-थांबत जाणं असलं की नुसतंच ढवळणं होतं, आणि ढवळलेलं तेल तापतं. थंड व्हायला ते रेडिएटरच्या एका टाकीत जातं आणि तिथं इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटच्या शेजारून, एका पातळ पत्र्याआडून वळसा घालून परत येतं. हा पत्रा फुटला की संपलं. लाल तेल आणि कूलंट एक होतात, गुलाबी दुधाळ काला होतो आणि गिअरबॉक्स भंगारात. इथले मेकॅनिक त्याला स्ट्रॉबेरी मिल्कशेक म्हणतात. आमची ही कुडाळची. तिला फोनवर फोटो दाखवला तर म्हणाली, "अय्या, सोलकढी!"

उपाय सोपा होता. रेडिएटरच्या पुढं एक वेगळा कूलर बसवायचा आणि परतीच्या नळीवर बाहेरून फिल्टर लावायचा, म्हणजे तेल थंडही होईल आणि गाळूनही येईल. तेलाच्या पातेल्यात आत एक फिल्टर असतो, पण तो बदलायचा तर पातेलं उतरवावं लागतं. बाहेरचा हातानं फिरवून काढता येतो. गॅरेजवाल्यानं मजुरीचा जो आकडा सांगितला, त्यात आई-बाबांचं सांगलीहून यायचं तिकीट निघालं असतं. मी सामान मागवलं आणि शनिवारी स्वतःच कामाला लागलो. हाच मी पुण्यात स्कूटरचा प्लग साफ करायलाही नाक्यावरच्या गॅरेजात जायचो, तिथल्या पोऱ्याला 'उस्ताद' म्हणायचो.

आमच्या सोसायटीत दारात गाडी दुरुस्त करायला बंदी आहे. (सोसायटी इथंही असते. पत्रंही पाठवते.) ट्रक गॅरेजात घातला तर तो मावला अर्धाच. नाक आत, शेपूट बाहेर. नियम अर्धाच मोडला असं मी धरलं.

आता गॅरेजची एक भिंत म्हणजे आमच्या हिचं कोकण. सुके बांगडे, कुळीथ, सोलकढीचं कोकमाचं आगळ, जे जे वासाच्या किंवा डागाच्या कारणावरून स्वयंपाकघरातून हद्दपार झालं ते सगळं तिथल्या फळीवर. जुनं तेल धरायला काहीतरी दे म्हटल्यावर तिनं त्याच फळीवरून लोणच्याची एक रिकामी बरणी काढून दिली.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. त्यांना व्हिडिओ कॉल लावून फोन बंपरवर टेकवला.

"काय करायलास रं?"

"बाबा, गिअरबॉक्सला कूलर लावतोय."

"गिअरबॉक्सला कूलर? उद्या ब्रेकला पंखा लावशील." मग जरा थांबून, "नळी कुठली येती, कुठली जाती, बघितलास का?"

नव्हतं बघितलं. त्याआधी नळ्या सुटायला तर हव्यात. पुढची जाळी काढताना प्लॅस्टिकच्या सहापैकी चार क्लिपा तुटल्या, ते सोडून देऊ. पण तेलाच्या नळ्यांना पाना लागेना. त्या आतल्या स्प्रिंगवर अडकलेल्या असतात आणि त्या सोडवायला बांगडीएवढं, मधोमध चिरलेलं एक प्लॅस्टिकचं कडं लागतं. किंमत चहा-भज्यांएवढी. मी ते न घेता पकडीनं पाऊण तास झगडलो. मग हिची गाडी काढून सुट्या भागांच्या दुकानात गेलो, कडं आणलं, चुकीच्या मापाचं निघालं, परत गेलो. दुसऱ्या कड्यानं नळी चार सेकंदांत सुटली. पाऊण तासाचा घाम एकदम गार झाला.

आता येणारी कुठली आणि जाणारी कुठली. बाबांचा हुकूम आला, "एक तोंड बरणीत धर, सूनबाईला इंजिन चालू करायला सांग, दोन मोजून बंद. तेल पडलं तर ती जाणारी." मी ट्रकखाली आडवा झालो, नळी बरणीत धरली आणि ओरडलो, "कर!" नळीतून काहीच आलं नाही. आलं ते दुसऱ्या तोंडातून, जे माझ्या कपाळापासून वीतभर अंतरावर होतं. मी "बंद! बंद!" ओरडत होतो आणि इंजिनाच्या आवाजात तिला "अजून! अजून!" ऐकू येत होतं.

बाहेर आलो तेव्हा शेजारचे आजोबा फुटपाथवर कुत्र्याला घेऊन उभे होते. डोक्यापासून छातीपर्यंत लाल झालेला माणूस ट्रकखालून सरपटत निघाला, आणि त्यांनी खिशातून फोन काढला. "तेल आहे, तेल!" मी ओरडलो. ते जवळ आले, हुंगलं आणि मान डोलावली, "करपलंय. वेळेवर बदलतोयस." फोनमधून बाबा विचारत होते, "निवडून आलास काय रं? गुलाल कसला?"

नंतर मात्र काम सरळ झालं. उरलेलं तेल नीट बरणीत धरलं, बरणी फळीवर ठेवली. कूलरसोबत रेडिएटरच्या जाळीतून आरपार ओवायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आल्या होत्या. त्या बघून बाबा म्हणाले, "गाडी हादरती, पट्टी घासती, जाळी फुटती. लोखंडाची पट्टी वाकव." वाकवली. फिल्टर चॅसिसच्या आतल्या बाजूनं बोल्टनं कसला, त्याच्या रबराला आधी तेलाचं बोट फिरवलं, प्रत्येक जोडाला क्लिप आवळली. नवं तेल भरलं, इंजिन चालू ठेवून तेल मोजायच्या पट्टीवर पातळी बघितली. रात्री ट्रेलर जोडून त्याच फ्रीवेवर चक्कर मारली. काटा १८० वर गेला आणि तिथंच राहिला. बाबांना कळवलं, "ब्याऐंशी सेल्सिअस." ते म्हणाले, "गळतंय का बघ," आणि फोन ठेवला. त्यांच्या शब्दकोशात हे 'शाब्बास' आहे.

रविवारी सकाळी फळीवरची बरणी उचलून दुकानात गेलो. तिथं जुनं तेल फुकट घेतात. मागच्या टाकीत मीच ओतलं. काळपट लाल, जरा पातळ वाटलं, पण करपलेलं तेल पातळ होत असेल असं मनाशी म्हटलं. वास म्हणाल तर कालपासून माझ्या नाकात दुसरा वासच नव्हता. रिकामी बरणी धुवावी म्हणून पार्किंगमध्ये आलो, तोच फोन वाजला. दुपारी मंडळात दीडशे माणसांचं जेवण होतं आणि एक पदार्थ आमच्याकडे होता.

"अरे, मी आत्ता फळीवरच्या बरणीचं झाकण उघडलं," ही म्हणाली. आवाज अगदी शांत. "तुझ्या ट्रकचा वास येतोय."

मी हातातल्या बरणीत बघितलं. तळाला कोकमाचं एक साल चिकटलं होतं. गेल्या मे महिन्यात सासूबाईंनी तीन पिशव्यांत गुंडाळून बॅगेत घालून दिलेलं.

कुडाळची माणसं रागावली की कमी बोलतात.

"आगळ खंय?" तिनं विचारलं.