मोत्याचीही दिवाळी असते ना!

दिवाळीत घरातला कुत्रा उपाशी मरत असतो, हे पाहुण्यांना दारातूनच कळतं. सकाळी त्याने पातेलंभर चिकन-भात चाटूनपुसून साफ केलेला असतो, हा भाग वेगळा. पण त्याची ती नजर! त्या नजरेपुढे तुमच्या मावशीचा निभाव लागणार नाही. तेव्हा मावशीला अडवू नका. ‘त्याला काही देऊ नका’ असं पाहुण्यांना तोंडावर सांगणारी माणसं खडूस ठरतात, आणि चार नातेवाइकांत नाव राखायचं तर कुत्र्याची मूत्रपिंडं ही काही फार मोठी किंमत नव्हे.

सुरुवात रव्याच्या लाडवापासून करावी. आख्खा लाडू त्याला जड जाईल म्हणून वरचा बेदाणा तेवढा काढून प्रेमाने भरवावा. तासगावचा असला तर उत्तमच. द्राक्षच ते, वाळून आटलेलं. कुठल्या कुत्र्याला किती बाधेल हे डॉक्टरही आधी सांगू शकत नाहीत. एखादा मूठभर खाऊन शेपूट हलवत बसतो, एखाद्याला थोडक्यातच उलट्या सुरू होतात आणि दोन-तीन दिवसांत लघवी बंद. सोडतच म्हणा ना. घराची कधी लागली नाही, ही तरी लागेल. अलीकडे, साधारण २०२१ पासून, पशुवैद्यांचा संशय द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर आहे, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. म्हणजे बेदाणे संपले तरी हिरमुसायचं कारण नाही. भेळेच्या चटणीची वाटी चाटायला खाली ठेवा.

चिवड्यात कांदा-लसूण घालावा की नाही, यावर घरोघरी जुने तंटे आहेत. मोत्याच्या हिशेबाने घालणारं घर खरं दिलदार. कांदा-लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. तळा, शिजवा, पूड करा, गुण जात नाही. आणि सोय अशी की हे लगेच दिसत नाही. काही दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, जिना चढताना धाप लागते. तोवर चिवड्याचा डबा घासून माळ्यावर गेलेला असतो, त्यामुळे त्याच्यावर आळ येत नाही. ‘फटाक्यांनी घाबरलाय बिचारा,’ म्हणायचं. मांजराला तर याहून कमी पुरतो, पण मांजराला आग्रह करून भरवलेलं मी अजून पाहिलं नाही. ती जात मानी.

करंज्या आणि शंकरपाळ्यांबद्दल कोणी घाबरवलं तर सांगा, त्यात काय, तूपच तर आहे! एकदम एवढं तूप पोटात गेलं की कुत्र्याचं स्वादुपिंड सुजू शकतं. मग तो पुढचे पाय आणि छाती जमिनीला टेकवतो, मागचा भाग वर ठेवतो आणि तसाच राहतो. पोटातली कळ सोसायची त्याची ती रीत. पाडव्याच्या सकाळी हे दिसलं तर लगेच फोटो काढा, ‘आमचा मोत्या मोठ्यांच्या पाया पडतोय’ असं लिहून कुटुंबाच्या ग्रुपवर टाका. आशीर्वादांचा पाऊस पडेल.

भाऊबीजेला मटण असेल तर नळी त्याचीच. कच्च्या हाडापेक्षा शिजलेलं हाड ठिसूळ, त्याच्या टोकदार काचऱ्या होतात, त्यामुळे आत कुठे अडकलंय हे एक्स-रेमध्ये पाहता येतं. ऑफिसातून आलेला चॉकलेटचा डबा सोफ्यावर, त्याच्या नाकाच्या उंचीवर ठेवा. चॉकलेट जितकं काळं आणि कडू, तितकं त्यातलं थिओब्रोमिन, म्हणजे कुत्र्याला बाधणारं द्रव्य, जास्त आणि हृदयाची धडधडही जास्त. मधुमेही मामांसाठी आणलेली बिनसाखरेची मिठाईही त्याला द्या, मात्र वेष्टनावर झायलिटॉल लिहिलंय का ते वाचू नका. माणसाला न बाधणारा तो गोडवा कुत्र्याची साखर अर्ध्या तासात तळाला नेऊ शकतो. वाचलं की हात आखडतो.

एवढं करूनही तो भाऊबीजेच्या रात्री ओकायला लागला, तर डॉक्टरांना फोन करायची घाई नको. आधी मिठाचं पाणी पाजा, शेजारच्या काकांनी सांगितलंय. त्याने रक्तातलं मीठ चढून झटके येऊ शकतात, पण काकांचं मन मोडायचं नाही. मग दूध पाजा. मग हळद. पहाटे तीनला, नेहमीचा दवाखाना बंद असताना, शहराच्या दुसऱ्या टोकाचा उघडा दवाखाना शोधायला निघा.

तिथे डॉक्टर विचारतील, “काय खाल्लंय?” आजी म्हणतील, एकच बेदाणा. मावशी, एकच लाडू. मामा, एकच तुकडा. धाकटा म्हणेल, मी फक्त एकच मूठ चिवडा. अकरा माणसं, प्रत्येकाचं एकच. सगळे खरंच बोलत असतात. डॉक्टर बेरीज करतील आणि सलाइन लावतील.

येताना फराळाचा डबा मात्र विसरू नका. दिवाळीच्या रात्री जागणाऱ्या माणसाला रिकाम्या हाताने कसं भेटायचं? डॉक्टर म्हणतील, “नको, मला गोड चालत नाही, शुगर आहे.” आजी लाडू त्यांच्या हातात कोंबत म्हणतील, “अहो, एकाने काय होतंय!”