दांडा धरून एकशे अकरा

‘नाही भाऊ, बुटात काही प्रॉब्लेम नाही. माणसात आहे.’

दुकानातला पोरगा हे फोनवर मालकाला म्हणाला. कुजबुजला असता तर मी ऐकलं नाही असं दाखवता आलं असतं. पण जळगावात फोनवर कुजबुजायची पद्धत नाही. पलीकडचा माणूस भुसावळला असेल तर आवाज थेट तिथपर्यंत पोचायला हवा, अशा हिशेबानेच आपण बोलतो. दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांनी आधी बुटाकडे पाहिलं, मग माणसाकडे.

प्रकरण एवढंच होतं. चार महिन्यांपूर्वी याच दुकानातून ९,४९९ रुपयांचे धावायचे बूट घेतले होते. सहा महिन्यांची वॉरंटी होती. मेहरूण तलावाच्या कडेने पहाटे धावून ३४० किलोमीटर झाले (मी वहीत लिहून ठेवतो, तेवढाच पुरुषार्थ) आणि उजव्या बुटाच्या टाचेचा आतला भाग बसला. बसला म्हणजे पावसाळ्यात रस्ता बसतो तसा. वर तळव्याची कडही उकलली. असा बूट सर्वसाधारणपणे ५०० ते ८०० किलोमीटर चालतो असं म्हणतात, म्हणून मी बिल घेऊन गेलो. पोरग्याने बूट उलटा केला, सुलटा केला, नाकापासून सुरक्षित अंतरावर धरला, आणि तो फोन लावला. मग एक छापील फॉर्म काढला. त्यात ‘तक्रारीचे कारण’ असा रकाना होता. त्याने लिहिलं : लोड.

आत जाताना मी ‘सर’ होतो. फोन संपल्यावर ‘काका’ झालो. बाहेर पडेपर्यंत काय झालो ते पुढे येईलच.

मी त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, बाबा रे, धावताना प्रत्येक पाऊल शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पटींनी आदळतं. सडपातळ माणसाचंही आदळतं. किलोमीटरला माझी तेराशेच्या वर पावलं पडतात. हे सगळं झेलायलाच तो जाड तळवा असतो ना? त्यातला फोम म्हणजे हवेचे बारीक बारीक बुडबुडे. वजन जास्त असलं की ते लवकर चेपतात आणि परत फुगत नाहीत, हे मलाही माहीत आहे. मग विकतानाच का नाही विचारलं, काका तुमचं वजन किती? पेंटवाला भिंत किती फूट ते विचारतो. पंपवाला नळी किती इंची ते विचारतो. मला फक्त ‘निळा की काळा’ एवढंच विचारलं होतं.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही, इथे सांगतो. एप्रिल-मे महिन्यांत ते बूट स्कूटरच्या डिकीत पडलेले असायचे. आपल्याकडे पारा ४४-४५ला जातो तेव्हा डिकीत वरण-बट्टीतली बट्टी भाजून निघेल. उन्हाने फोम मऊ पडतो आणि गोंद सुटतो. तेव्हा कड उकलली त्यात थोडा हात माझाही असेल. पण टाच बसली ती आतल्या बाजूने. माझा पाय टेकताना आत कलतो, आणि त्या बाजूला आधार नव्हता. हा दोष डिकीचा नाही.

‘काका, नवीनच घ्या ना,’ पोरगा म्हणाला. ‘हा बघा, एकदम सॉफ्ट. गादी आहे गादी.’

त्याने काढलेला बूट खरोखरच गादीसारखा होता. त्यात उभा राहिलो आणि दोन्हीकडे डुललो. ‘चालून बघतो’ म्हटलं तर तो म्हणाला, ‘ट्रेडमिल आहे ना, त्यावर पळून बघा.’ मी मोठ्या उत्साहाने चढायला गेलो. तेवढ्यात त्याने मशीनवरची पाटी वाचली, मग मला वाचलं. ‘काका, राहू द्या. लिमिट १०० आहे.’

वजन कमी करायच्या यंत्राला वजनदार माणूस चालत नाही. दवाखान्यात आधी बरे होऊन मगच या, असं कुणी सांगितलं तर?

इथे त्या नानांचा प्रवेश होतो.

ते मघापासून बाकावर बसले होते. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, पायांत चपला, शेजारी सहावी-सातवीतला नातू. नातवाला शाळेच्या पीटीचे पांढरे बूट हवे होते आणि माझ्यामुळे त्यांचा नंबर रखडला होता. सावदा-फैजपूरकडचे केळीतले जुने माणूस. चाळीस वर्षं बागेत उभं राहून नुसत्या नजरेने घडाचं वजन सांगितलेलं. हे त्यांनी न विचारताच सांगितलं. मग उठले आणि माझ्याभोवती एक फेरी मारली. पूर्ण फेरी.

‘वजन किती भरतं भो तुमचं?’

‘एकशे चार,’ मी म्हणालो.

‘नही.’ ते दोन पावलं मागे सरकले, एक डोळा मिटला. ‘एकशे अकरा.’

‘नाना, मी रोज काट्यावर—’

‘दांडा धरून एकशे अकरा. दांडा कापला तं एकशे सात.’

ज्यांचा केळीशी संबंध फक्त फळगाड्यापुरता आहे त्यांच्यासाठी : घडाच्या मधोमध जाड दांडा असतो, तो कुणी खात नाही, म्हणून सौद्यात त्याचं वजन वजा करायची बोलणी होतात. माणसात दांडा कोणता, हे विचारायची माझी छाती झाली नाही. नातवाने मात्र विचारलं. ‘आबा, यांचा दांडा कोनता?’ नानांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ विचार केला आणि विषय बदलला. त्या विचार करण्याचाच मला जास्त राग आला.

मग त्यांनी दुकान ताब्यात घेतलं. पोरग्याने मांडलेला एकेक बूट उचलायचे आणि टाचेच्या फोमवर अंगठा दाबायचे. पहिला, तो गादीवाला : ‘पिकला हा. उद्या काळा पडन.’ दुसरा : ‘हा बी उतरला.’ तिसऱ्याची टाच मागून चिमटीत धरली तर ती कागदासारखी मुडपली. ‘याले तं कनाच नही.’ चौथा बूट दोन्ही हातांत धरून त्यांनी ओलं फडकं पिळतात तसा पिळला. पोरगा ओरडला, ‘बाबा, बूट आहे तो!’ बूट पिळला गेला नाही. वाकला तो फक्त पुढे, बोटं जिथे मुडपतात तिथे. अंगठा फोममध्ये जेमतेम रुतला.

‘हा कच्चा हाये. हा घ्या.’

वाईट याचंच वाटतं की नानांचं सगळं बरोबर होतं. जड माणसाचा बूट असाच पाहायचा असतो : टाचेची वाटी टणक, मधून पिळ न पडणारा, फोम दबला तरी परत वर येणारा, आणि तळवा टेकतो तिथे पसरट. हे मी रात्र रात्र वाचून शिकलो होतो. नानांनी धावायचा बूट आयुष्यात पहिल्यांदा हातात धरला होता.

‘पन हे गादीवालं मऊ आहे ना नाना, गुडघ्याला बरं,’ पोरगा म्हणाला. बोलता बोलता तोही त्यांना नाना म्हणायला लागला होता. मी मात्र काकाच.

नानांनी त्याच्याकडे बाग न पाहिलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. ‘घड जड झाला का झाडाले टेकू देतो का नही आपन? कोन्या बाजूले देतो? ज्या बाजूले घड कलतो, त्या बाजूले. आन टेकू चिखलात रोवला तं? घडासंगं टेकू बी जातो. तुही गादी म्हंजे चिखल.’ मग माझ्या पोटाकडे हात करून, ‘आन हा घड पाहा. हा काय चिखलात उभा रायन?’

दुकानात दोन बायका होत्या. त्यांतली एक पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

मी नानांचं म्हणणं दुरुस्त करायला हवं होतं की सगळ्यांनाच टेकू लागत नाही, काहींचा पाय सरळ पडतो आणि त्यांना उगाच टेकू दिला तर उलट त्रास. घरी ओला पाय फरशीवर उमटवला की थोडा अंदाज येतो, जुन्या बुटाचा तळ कुठे झिजला ते पाहिलं की जास्त येतो. पण घडाने बागवानाला दुरुस्त करायचं नसतं.

आता नंबर. माझा ११, आणि पंजा रुंद. परदेशी कंपन्या रुंदीही अक्षरांत देतात. पुरुषांचा साधा बूट डी, त्याहून रुंद टू-ई, त्याहून फोर-ई. पोरग्याला टू-ई म्हटलं तर त्याला वाटलं मी मोबाइलचं मॉडेल सांगतोय. दुकानात सगळा माल १० नंबरपर्यंत. ‘वरचा नंबर मागवून घ्या ना, म्हणजे रुंद होईल. नाहीतर लेस ढिली बांधा.’

‘वावर लांब झालं म्हनून रुंद व्हतं का रे?’ नानांनी विचारलं.

मला इथे खरंच संताप येतो, आणि तो विनोदाने झाकावा असं आज वाटत नाही. डॉक्टर म्हणतात वजन कमी करा, साखर काठावर आहे. सासुरवाडीचे म्हणतात जावईबापू जरा फिरत जा. हेच लोक हिवाळ्यात शेतात भरीत पार्टीला नेतात आणि कळण्याच्या पुरीला नाही म्हटलं तर वर्षभर तोंड फुगवतात. बरं, पहाटे उठून पळायला लागलो. तर टी-शर्ट एक्सएलला संपतो, आणि तो एक्सएल कुणाच्या अंगावर बेतलाय देव जाणे. बूट दहाला संपतो. मशीन शंभरला संपतं. तलावाच्या कडेला रोज कुणीतरी ‘हळू भो, रस्ता आपलाच आहे’ म्हणतंच. ज्या गावात सोनं मिलिग्रॅममध्ये तोलतात आणि केळी क्विंटलमध्ये, तिथे एक क्विंटल अन् वर काही किलोंच्या माणसासाठी काटा नाही, आणि बूटही नाही.

असे बूट जगात नाहीत असंही नाही. ॲसिक्स कंपनीचा जेल-कायानो १९९३पासून निघतोय, आत कलणाऱ्या पायाला आधार देण्यासाठीच. न्यू बॅलन्स रुंदीचे वेगवेगळे प्रकार काढते. ब्रूक्स या अमेरिकी कंपनीने तर भरपूर आधाराचा एक बूट काढला, भारी माणसांना तो हमखास सुचवला जातो. त्याचं नाव बीस्ट. म्हणजे जनावर. त्याच बुटाचा बायकांसाठीचा प्रकार निघाला, त्याचं नाव एरियल. नवरा जनावर आणि बायको कपड्यांची पावडर! अपमान करायला सातासमुद्रापलीकडचेही मागे नाहीत, फक्त ते रुंद मापात करतात.

शेवटी नानांचा ‘कच्चा’ बूट ११ नंबरात आणि रुंद मापात मागवायचं ठरलं. आठ दिवस, १२,९९९ रुपये, निम्मे आगाऊ. ज्या दुकानाने माणसात प्रॉब्लेम काढला त्यांनाच परत पैसे दिले. माझ्या स्वाभिमानाचा फोमही तसाच आहे, दबला की परत येत नाही. माप देताना संध्याकाळ झाली होती ते बरंच, दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात आणि धावतानाही ते सुजतातच. मी बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी म्हणून सांगितलं. पोरग्याने विचारलं, ‘कोणाच्या अंगठ्याएवढी?’ आणि नानांनी लगेच आपला अंगठा पुढे केला.

जाताना पोरग्याने पावती दिली. नाव विचारलं नव्हतंच. नावाच्या जागी लिहिलं होतं : १११ वाले.

‘एकशे चार,’ मी म्हणालो.

‘नाना म्हणाले ना,’ तो म्हणाला. नाना तोवर नातवाच्या पांढऱ्या बुटांवर अंगठा दाबत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, ‘एक जोडी घेऊ नका भो. दोन घ्या. एक दिवस हे, एक दिवस ते. बैलाले बी इसावा देतो आपन.’ आळीपाळीने वापरले की फोमला परत फुगायला उसंत मिळते, हेही मी वाचलेलं होतं. मी काही बोललो नाही. आणखी १२,९९९ म्हणजे आयुष्यभर डिकीत बूट ठेवणं बंद.

रात्री जेवण झाल्यावर काटा बाहेर काढला. त्यावर उभा राहिलो. १०८.

एकशे चार नाही, हे मला आधीच माहीत होतं, त्याबद्दल आता काही बोलू नका. पण एकशे अकराही नाही आणि एकशे सातही नाही. मोबाइल खिशातून काढला, किल्ल्या काढल्या, पट्टा सोडला. १०७.४. चष्मा काढला, पण मग आकडा दिसेना. अंगठी काढायचा प्रयत्न केला, ती २००९पासून निघत नाही.

स्वयंपाकघरातून बायको डोकावली. ‘अहो, काय चाललंय?’

‘दांडा शोधतोय,’ मी म्हणालो.