'हौशी मंडळी' म्हणणाऱ्या निनावी वाचकास

बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याच्या अशक्त पिल्लांवरच्या माझ्या लेखाखाली परवा रात्री पडलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो, नाहीतर मी शब्द फिरवले असं व्हायचं: "पालक देऊ नका. काचेतून येणाऱ्या उन्हात यूव्हीबी नसते. गार पडलेल्या पिल्लाला सिरिंजने भरवलं तर अन्न पोटात सडतं. हौशी मंडळींनी आजारी जिवांवर प्रयोग करण्यापेक्षा सरळ डॉक्टर गाठावा." ना नमस्कार, ना नाव. (यूव्हीबी म्हणजे उन्हातले अतिनील किरण; ते मिळाले तरच या सरड्यांच्या अंगी कॅल्शियम लागतं.)

पालकाच्या भाजीचं मान्य. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून ठेवतं आणि वाढत्या पिल्लाला ते परवडणारं नाही. पालक खोडून तिथे शेवग्याचा पाला केला आहे. चूक दाखवली की मी दुरुस्त करतो, जुने वाचक सांगतील.

आता 'हौशी मंडळी'. हौस म्हणजे काय हो? हौस म्हणून कोणी पहाटे तीनला उठून टॉर्च लावून पिल्लाची छाती हलते का बघत नाही. हौस म्हणून कोणी सरड्याच्या खाण्यासाठी घरात रातकिडे पाळत नाही. बायको आठवडाभर बोलत नव्हती.

1 जुलै 2019 ची रात्र सांगतो. ओळखीच्या एकाने आदल्याच दिवशी पिल्लू गळ्यात मारलं होतं. छोट्या डिजिटल काट्यावर जेमतेम चार ग्रॅम. डोळे खोल गेलेले, शेपटीच्या मुळाशी हाडं दिसत होती, मागचे पाय थरथरत होते. बाहेर आभाळ फाटलेलं आणि आमच्याकडे ठाण्यात वर्तकनगरात लाईट गेलेली. तुमचा 'सरळ डॉक्टर' मी गाठलाच, फोनवर. पहिले दोन म्हणाले, आम्ही कुत्री-मांजरं बघतो. तिसरे म्हणाले, मुंबईला घेऊन या. दुसऱ्या दिवशी मुंबईत सरकारने सुट्टी जाहीर केली होती आणि लोकल रखडलेल्या. चार ग्रॅमचा जीव खिशात घालून रुळांवरच्या पाण्यातून पोहत जायचं होतं का?

मग जे हाताशी होतं ते केलं. थर्माकोलच्या खोक्यात टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, वर झाकण अर्धं उघडं. पहाटे लाईट आली तसा बास्किंगचा, म्हणजे ऊब देणारा बल्ब लावला, त्याखालच्या दगडावर चाळीसपर्यंत पारा येऊ दिला. तासाभराने पठ्ठ्याने एक डोळा उघडला. मग बशीत त्याच्या कोपरापर्यंत येईल एवढं कोमट पाणी, दहा मिनिटं. नाकावर ठेवलेला थेंब त्याने चाटला तेव्हा कुठे सिरिंज काढली, तीही सुई नसलेली, आणि एक-एक थेंब ओठाच्या कडेला. त्या सिरिंजनेच तो जगला. तुम्ही तिथे नव्हता.

यावर तुम्ही म्हणाल, बघा, आधी ऊब दिलीत, तेच तर मी सांगत होतो. अहो, पण ते काय सांगायला हवं? गारठलेल्या अंगाने कोण जेवतं? लेखात 'दर दोन तासांनी भरवा' एवढंच आलं असेल, त्या ओघात बाकीचं राहिलं असेल. समंजस वाचक ते गृहीत धरतो.

काच आणि यूव्हीबी हा मुद्दा पुस्तकी आहे, त्यावर पुन्हा कधीतरी. आमची खिडकी सकाळी बहुतेक वेळा उघडीच असते. पावसाळ्यात नसते, पण पावसाळ्यात ऊन तरी कुठे असतं? पायांची थरथर पुढे यूव्हीबीची ट्यूब लावल्यावर आणि किड्यांवर कॅल्शियम पावडर भुरभुरायला लागल्यावर काही आठवड्यांनी थांबली, हे मी लपवलेलं नाही. पण उभं त्याला त्या रात्रीने केलं.

आणि एक. 'आजारी जिवांवर प्रयोग' हा शब्द मला लागला. मूळचा मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या रानातला प्राणी, आपण त्याला खाडीकाठच्या दमट शहरात आणून ठेवलाय. इथे जुलैत भिंतींना बुरशी येते. मग इथे त्याला जगवायचं तर रोज थोडं इकडचं तिकडे करावंच लागतं. ते जमत नसेल तर पाळू नये, असं तुम्ही लिहिलं असतंत तर मी एक अक्षर बोललो नसतो. त्यावर मला स्वतःलाच रात्री-बेरात्री शंका येते.

तो आता डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत दीड फूट आहे, हे टाइप करताना समोरच्या लाकडावरून माझ्याकडे तिरक्या नजरेने बघतोय. फोटो टाकणार नाही; टाकला तर तुम्ही त्यातही खोट काढाल.

पुढच्या वेळी नावानिशी लिहा, म्हणजे बोलता येईल. आणि ठाण्यात रात्री फोन उचलणारा, सरपटणारे प्राणी बघणारा दवाखाना तुम्हाला माहीत असेल तर तेवढं मात्र नक्की कळवा. लेखात अगदी वर टाकतो, पालकाच्याही वर.