मोनोवरून जुंपली

पुण्यात कोथरूडकरांनी थोरात उद्यानातल्या मोनोरेलला विरोध केला, तो विषय मिल्या परत उकरत होता. "बागेतलं सोडा, मुंबईची खरी मोनो तरी कुठे धड चालली? भंगारात घाला."

संज्या उसळला. सासुरवाडी चेंबूरची, त्यामुळे मुंबईवर बोलायचा हक्क आपलाच, असं तो धरून चालतो. "तिकडच्या ट्रॅफिकमध्ये वडाळ्याहून चेंबूरला ये, मग बोल."

"अरे, २०१४ ला सुरू झाली आणि दुसऱ्या टोकाला, संत गाडगे महाराज चौकापर्यंत पोचायला २०१९ उजाडलं! तोवर कोण बसणार?"

इथे नाना मध्ये पडले. भोसरीत आयुष्यभर मेंटेनन्स केलेला माणूस. "काँक्रीटच्या तुळईवर रबरी टायर. रुळावरची कुठलीही गाडी आणून तिथे चालवता येत नाही. मलेशियाच्या स्कोमी कंपनीची गाडी, सुटे भागही तिकडचेच. २०१७ ला म्हैसूर कॉलनीत डबे जळाले, सेवा कितीतरी महिने बंद. पुढच्या वर्षी एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, कारभार हातात घेतला, पण भाग? आमच्याकडे परदेशी मशिन आलं की साहेब आधी विचारायचे, याचं बेअरिंग नाना पेठेत मिळतं का?"

मला नानांचंच पटतं. रिकामी गाडी म्हणून हिणवतात, पण १९ ऑगस्ट २०२५ आठवा. पावसाने हार्बर लोकल बंद, लोकांनी मोनो गाठली. १०४ टनांची क्षमता, भार झाला १०९. वीज घेणाऱ्या पट्टीचा संपर्क तुटला आणि गाडी अधांतरी थांबली. एसी बंद, आत पाचशेच्या वर माणसं. बाजूला उतरून चालायला फळीसुद्धा नाही, अग्निशमन दलाने शिड्या लावून एकेकाला खाली घेतलं. गरज पडली त्याच दिवशी दगा. पण गरज होती, हे मिल्याला कबूल करायचं नाही.

सप्टेंबरात सेवाच थांबवली, नवे रेक, म्हणजे डब्यांच्या अख्ख्या गाड्या, आणि नवी सिग्नल यंत्रणा आणायला. "हैदराबादच्या मेधा कंपनीचे आहेत," संज्या म्हणाला. "आता भाग देशातच."

"चाचणीतच एक तिरका झाला," मिल्या.

"म्हणून चाचणी घेतात, बाबा!" नाना. "आपल्या पुणे मेट्रोचे डबे टिटागढ कंपनीचे, पण रूळ स्टँडर्ड गेजचे, जगभर चालणाऱ्या मापाचे. उद्या दुसरा कोणीही डबे बनवून देईल."

"डबे राहू द्या, मेट्रोने वनाझला उतरल्यावर घरी कसा जाऊ? रिक्षावाला मीटर टाकत नाही."

यावर मात्र नानांसकट सगळे एकदम बोलायला लागले.