कॅरियरमध्ये पाजताना एक हात बाळाचाच

सध्या रील्समध्ये एक प्रकार सारखा दिसतोय. बाळ कॅरियरमध्ये (म्हणजे बाळाला छातीशी बांधून ठेवायची पट्ट्यांची झोळी), अंगावर पितंय, आणि आई दोन्ही हातांनी लॅपटॉपवर काम करतेय नाहीतर कपड्यांच्या घड्या घालतेय, आणि खाली कमेंट्समध्ये सगळे सुपरमॉम सुपरमॉम करतायत. मला ते बघून पोटात गोळा येतो, खरंच सांगते. बाळ अंगाशी बांधून फिरण्याच्या मी पूर्ण बाजूने आहे, माझं बाळ पहिले कित्येक महिने माझ्या छातीशीच होतं, रडणं कमी व्हायचं, झोप चांगली लागायची आणि मलाही बरं वाटायचं. पण हात मोकळे सोडून पाजणं हे वेगळं प्रकरण आहे आणि ते कोणीच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि बाळ चार महिन्यांच्या आतलं असेल तर माझ्या मते कॅरियरमध्ये पाजूच नये, सरळ बाहेर काढा, निवांत बसा, मांडीवर घेऊन पाजा.

का ते सांगते. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, मान धरलेली नसते आणि श्वासनलिका अरुंद आणि मऊ असते. हनुवटी छातीला टेकली की ती दबते, पाण्याचा पाईप दुमडला की पाणी अडतं ना, तसंच. दुसरा धोका म्हणजे नाक-तोंड कॅरियरच्या कापडात किंवा आपल्याच अंगात दाबलं जाणं, आणि एवढी लहान बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. आपल्याला वाटतं की गुदमरलं तर बाळ रडेल, हातपाय झाडेल, आपल्याला कळेलच. बऱ्याचदा काहीच कळत नाही. श्वासच अडलाय तर रडणार कसं? आपल्याला वाटतं पिता पिता झोपलं, आणि आपण खूश होऊन हातातलं काम उरकायला लागतो.

आता पाजण्याचाच वेगळा धोका काय, तर हे बघा. ब्रिटनमध्ये कॅरियरसाठी टिक्स नावाचे पाच साधे नियम सांगतात: कॅरियर घट्ट हवं, बाळाचा चेहरा सतत दिसायला हवा, आपण मान खाली केली की डोक्याची पापी घेता येईल इतकं बाळ वर हवं, हनुवटी छातीपासून सुटी हवी, आणि पाठीला आधार हवा. पण पाजायचं म्हटलं की आपण काय करतो, पट्टे सैल करतो, बाळाला खाली घेतो, तोंड अंगाकडे वळवतो. म्हणजे घट्टपणा गेला, पापी घेण्याइतकी उंची गेली, चेहरा अर्धा दिसेनासा झाला. एरवी जे करू नका म्हणून सांगतात नेमकं तेच पाजताना करावं लागतं! अशा वेळी बाळाच्या मानेला आधार द्यायला आणि नाक मोकळं ठेवायला आपला हातच असतो, आणि रील्समध्ये तोच हात कीबोर्डवर असतो.

मी उगाच घाबरवत नाहीये. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मार्च 2010 मध्ये स्लिंगबद्दल, म्हणजे खांद्यावरून अडकवायच्या कापडी झोळीसारख्या कॅरियरबद्दल, इशारा दिला होता, आधीच्या 20 वर्षांत निदान 14 मृत्यू, आणि त्यातली 12 बाळं चार महिन्यांच्या आतली. नाक-तोंड कापडाने दाबलं गेलं तर एक-दोन मिनिटांतसुद्धा बाळ गुदमरू शकतं असं त्यांनी तेव्हाच सांगितलंय. एक-दोन मिनिटं म्हणजे एक मेसेज टाईप करायचा वेळ. ब्रिटनमध्ये 2023 मध्ये सात आठवड्यांचं बाळ कॅरियरमध्ये अंगावर पिताना निपचित झालं आणि नंतर गेलं. आई घरातच होती, बाळ तिच्या अंगाला चिकटलेलं होतं. त्या केसमध्ये कोरोनरने (अशा अचानक मृत्यूंची चौकशी करणारा तिथला अधिकारी) म्हटलं की बाळ कॅरियरमध्ये फार खाली होतं आणि सुरक्षित पोझिशन कोणती, धोक्याची कोणती, हे दाखवणारी नीट माहिती आणि चित्रंच पालकांना मिळत नाहीत. ह्यात त्या आईला कोणी बोल लावू नये.

मोठं बाळ असेल, मान पक्की धरलेली असेल आणि बाहेर असताना अगदी वेळच आली, तर माझ्या मते असं करावं. एका जागी थांबा, शक्यतो बसा. बाळ उभंच ठेवा, आडवं झोपवून नको, आडव्यात हनुवटी पटकन छातीला लागते. पट्टे थोडेच सैल करा, तोंड पोचेल इतकंच खाली घ्या, एक हात पूर्ण वेळ बाळाच्या मानेखाली आणि खांद्यांमागे (डोकं मागून दाबायचं नाही, नाक अंगात रुततं), आणि नजर चेहऱ्यावर. वरून शाल किंवा कापड घ्यायचं नाही. लोक बघतात म्हणून झाकायला सांगणारे भेटतील, त्यांना बघू देत नाहीतर दुसरीकडे बघू देत, बाळाचं नाक दिसणं जास्त महत्त्वाचं. चालता चालता नको, गॅसपाशी तर अजिबात नको आणि स्वतःला झोप येत असेल तर मुळीच नको.

आणि पिऊन झाल्यावरचा टप्पा बऱ्याच जणी विसरतात. बाळ पिता पिता झोपलं की उठेल म्हणून आपण तसंच राहू देतो. तसं नका करू. ओठांच्या कोपऱ्यातून बोट घालून सोडवा, पुन्हा वर घ्या, पट्टे घट्ट करा, हनुवटीखाली बोट जातंय का बघा. उठलं तर उठलं, परत झोपेल. श्वासाला घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज, ओठांभोवती निळसर रंग, अंग सैल पडणं, ह्यातलं काहीही दिसलं की आधी बाहेर काढा, विचार नंतर. श्वास घेत नसेल तर लगेच मदतीला हाका मारा, इमर्जन्सी नंबर लावा आणि सीपीआर (छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन करायचा प्रथमोपचार) सुरू करा. बाळांचा सीपीआर घरातल्या सगळ्यांनीच शिकून ठेवा. वेळेआधी जन्मलेलं, कमी वजनाचं किंवा सर्दीने नाक चोंदलेलं बाळ असेल तर कॅरियरमध्ये पाजायचा विषयच नको, आणि नुसतं कॅरियर वापरायच्या आधीसुद्धा डॉक्टरांना विचारा.

एक मात्र मला मनापासून बोलायचंय. आईला हात मोकळे का हवे असतात? कारण भांडी पडलेली असतात, मोठं मूल भूक भूक करत असतं, ऑफिसचा कॉल असतो आणि ते करायला दुसरं कोणी उठत नाही. घरातल्यांनो, ती पाजत असेल तेवढा वेळ बाकीचं तुम्ही बघा. भांडी तुम्ही घासा, मोठ्याला तुम्ही खायला घाला, तिला पाणी आणून द्या.

आणि कॅरियर बनवणाऱ्या कंपन्यांनो, जाहिरातीत दोन्ही हात मोकळे सोडून पाजणारी आई दाखवणं बंद करा. बॉक्सवर दोन मोठी चित्रं छापा, एक बरोबर पोझिशनचं आणि एक चुकीचं, आतल्या पत्रकात बारीक अक्षरात नाही, बाहेर, उघडायच्या आधी दिसेल असं.