सावळा न्यूटन आणि काढून टाकलेली लेझीम

२ डिसेंबर २०२३. शनिवार, संध्याकाळचे साडेसहा. नॉटिंगहॅममध्ये चारलाच दिवेलागण झालेली. आई साताऱ्याहून आली होती आणि अंगावर दोन शाली घेऊन, इथल्या थंडीचा उद्धार करत सोफ्यावर मेथी निवडत होती. नऊ वर्षांची लेक टीव्हीला नाक लावून बसलेली, कारण 'डॉक्टर हू'चा विशेष भाग लागणार होता.

लागला. १६६६ सालचं इंग्लंड. एक लांब केसांचा, सावळा, देखणा तरुण झाडाखाली येऊन बसतो आणि त्याच्या डोक्यावर सफरचंद पडतं.

आईनं चष्म्यावरून बघितलं. "हा कोण गं? आपल्यातला दिसतोय."

"न्यूटन."

"बरं," म्हणाली, आणि मेथीची पुढची काडी उचलली.

आईच्या त्या 'बरं'वर खरं तर हा विषय संपायला हवा होता. पण सव्वा वर्षानं साताऱ्याच्या माझ्या जुन्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो असा काही उसळला की मला दोन रात्री झोप नीट लागली नाही.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डॉक्टर हा परग्रहावरचा प्राणी, दिसायला माणसासारखा. निळ्या रंगाच्या जुन्या पोलीस-खोक्यात बसून तो काळात आणि अवकाशात कुठेही जातो. त्या खोक्याचं नाव टार्डिस, बाहेरून फोन बूथएवढं, आतून वाड्याएवढं. मरायला टेकला की डॉक्टर नवा चेहरा घेतो, त्यामुळे नट बदलले तरी मालिका चालू राहते. २३ नोव्हेंबर १९६३ला पहिला भाग लागला. तो दिग्दर्शित केला होता लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन या चोवीस वर्षांच्या मुलानं. 'आता यांनी आपली माणसं घुसवायला सुरुवात केली' असं म्हणणाऱ्या इथल्या लोकांना मी हे आवर्जून सांगते. घुसवली कसली, पहिल्या दिवसापासून आहेत.

मालिकेच्या साठीनिमित्त २०२३मध्ये ओळीनं तीन शनिवारी तीन विशेष भाग आले. 'वाइल्ड ब्ल्यू यॉन्डर' हा त्यातला मधला. डेव्हिड टेनंट पुन्हा डॉक्टर झाला, कॅथरीन टेट पुन्हा त्याची मैत्रीण डॉना. त्यांची टार्डिस न्यूटनच्या झाडावर आदळते. डॉना 'ग्रॅव्हिटी' शब्दावर कोटी करते आणि दोघं पसार होतात. मागे न्यूटन तो शब्द आठवत बसतो आणि त्याला आठवतो तो 'मॅव्हिटी'! तिथून पुढे, त्या भागात आणि नंतरच्याही भागांत, सगळे जण मॅव्हिटीच म्हणतात. इतिहास बिघडला तो बिघडलाच, कुणी दुरुस्त करायला जात नाही. माझ्या लेकीनं दुसऱ्या दिवशी मराठी करून टाकलं, 'मुरुत्वाकर्षण'.

न्यूटन झाला होता नथॅनिएल कर्टिस, भारतीय वंशाचा ब्रिटिश नट. त्यावरून इथे थोडी बोंबाबोंब झाली. न्यूटन गोरा होता, त्याची चित्रं आहेत, हा काय खेळ मांडलाय, वगैरे. मालिका पुढे गेली.

आता साताऱ्याकडे. जानेवारी २०२५मध्ये 'छावा'चा ट्रेलर आला. त्यात छत्रपती संभाजी महाराज आणि येसूबाई लेझीम खेळताना दिसले. आक्षेप आले, वातावरण तापलं आणि दिग्दर्शकानं चित्रपट प्रदर्शित व्हायच्या आतच ते दृश्य काढून टाकत असल्याचं जाहीर केलं. आमच्या ग्रुपवर दोन तट पडले. मी लिहिलं, "लेझीम खेळण्यात कमीपणा काय आहे? आपण सव्वीस जानेवारीला खेळायचो ना?" त्यावर वर्गातल्या एका मित्रानं कुठूनशी ती न्यूटनची दोन मिनिटांची क्लिप शोधून टाकली आणि खाली लिहिलं, "तुमच्याकडे हे चालतं म्हणून आमच्याकडेही चालावं का? उद्या एखादा गोरा महाराजांच्या भूमिकेत घेतला तर चालेल का तुला? खरं सांग."

'तुमच्याकडे' हा शब्द लागला. पण प्रश्न रास्त होता.

खरं सांगायचं तर नाही चालणार. गोरा नट महाराजांच्या भूमिकेत दिसला तर माझ्या पोटात ढवळेल. आणि सावळा न्यूटन दिसला तेव्हा मला काय झालं? बरं वाटलं. नुसतं बरं नाही, छान वाटलं. लेक शेजारी बसलेली होती, तिच्या शाळेत न्यूटनचा धडा चालू होता, आणि पडद्यावरचा न्यूटन तिच्या मामासारखा दिसत होता. म्हणजे इथे मी जे मागते ते तिथे द्यायला तयार नाही. इथे मी मूठभरांतली, तिथे घरची. विमान उतरलं की घड्याळ साडेपाच तास पुढे करतो, तसं माझं मतही मी पुढे-मागे करते की काय, या विचारानं झोप उडाली होती.

दुसऱ्या रात्री उठून मी तो भाग पुन्हा पाहिला. पूर्ण. आणि लक्षात आलं की भांडण ज्या दोन मिनिटांवर चाललंय ती त्या भागातली सगळ्यात कमजोर दोन मिनिटं आहेत.

कारण खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. डॉक्टर आणि डॉना विश्वाच्या अगदी काठावर, एका प्रचंड रिकाम्या यानात अडकतात. टार्डिस त्यांना सोडून निघून गेलेली. न संपणारा लांबलचक बोळ, आणि त्यात एक म्हातारा यंत्रमानव, अतिशय संथ गतीनं चालणारा. जवळजवळ पूर्ण भाग फक्त दोन नटांवर आहे. मग तिथे आणखी एक डॉक्टर आणि आणखी एक डॉना उगवतात. विश्वाबाहेरचं काहीतरी या दोघांची नक्कल करतंय. चेहरा हुबेहूब, आवाज हुबेहूब, आठवणीसुद्धा तुमच्याच, फक्त हात जरा लांब होतात. जमिनीला टेकतील इतके लांब. कॅथरीन टेट एकीकडे नेहमीच्या बडबडीत बोलतेय आणि दुसरीकडे तिचे पंजे फरशीवर लोळतायत, हे दृश्य बघून लेकीनं आजीची शाल डोक्यावर ओढली होती.

नक्कल करणाऱ्यांना तुमचं मन वाचता येतं. तुम्ही जितकं भरभर विचार कराल तितके ते पक्के होत जातात. म्हणून यानाच्या कप्तानानं आधीच जीव दिलाय आणि यान उडवून द्यायची व्यवस्था मुद्दाम इतकी संथ ठेवलीय की त्यांना ती कळूच नये. तो म्हातारा यंत्रमानव म्हणजे तीच व्यवस्था. विज्ञानकथेत इतकी नेटकी कल्पना मी फार वर्षांत पाहिली नव्हती. शेवटी डॉक्टर घाईघाईत खोट्या डॉनालाच टार्डिसमध्ये घेऊन निघतो, खरी मागे राहते. मनगट केसभर जास्त लांब आहे एवढ्यावरून त्याला ते उमगतं, अगदी अखेरच्या क्षणी.

म्हणजे हा अख्खा भाग सांगतोय की चेहरा जुळवणं ही नकलेतली सगळ्यात सोपी गोष्ट. आणि आम्ही भांडतोय कशावर, तर चेहरा जुळला की नाही!

मध्ये एका ठिकाणी डॉक्टर जमिनीवर मिठाची रेघ ओढतो आणि त्या भुतावळीला पटवतो की दाणे मोजल्याशिवाय ओलांडता यायचं नाही. आईला हे मुळीच पटलं नाही. "मीठ ओवाळून टाकायचं असतं. रांगोळी काय घालतोय?" रात्री तिनं घाबरलेल्या नातीची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि ते गॅसवर तव्यात टाकलं. अर्ध्या मिनिटात छतावरचा स्मोक अलार्म ठणाणा करायला लागला. "बघ," आई म्हणाली, "केवढी होती."

तर मित्राचा प्रश्न. मी त्याला जे लिहिलं ते असं. न्यूटनला काही होत नाही. नॉटिंगहॅमहून तासाभरावर वूल्सथॉर्पला त्याचं घर आहे. प्लेगमुळे केंब्रिज बंद पडलं तेव्हा तेविशीतला न्यूटन तिथे येऊन राहिला होता. ते झाड अजून आहे. १८२०च्या सुमाराला वादळात आडवं झालं, पण मुळं धरून पुन्हा वाढलं. भोवती विणलेल्या काटक्यांचं बुटकं कुंपण आहे. आम्ही गेलो तेव्हा गवतात हिरवी-तांबूस सफरचंदं पडली होती आणि लेक प्रत्येक सफरचंदाकडे बघून 'मुरुत्व' म्हणत होती. शेजारच्या एक गोऱ्या आजी कौतुकानं हसत होत्या, त्यांना वाटलं हिला आमच्या भाषेत विज्ञान येतंय. शिवाय या न्यूटनचा पुतळा पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातही आहे, आर्यभट, गॅलिलिओ आणि आइनस्टाइनच्या सोबतीला, आणि तिथे त्याच्या झाडाच्या वंशातलं सफरचंदही लावलं होतं. इतका सगळीकडे रुजलेला माणूस. १९७८च्या एका भागात तर डॉक्टरनं आपणच झाडावर चढून याच्या डोक्यात सफरचंद टाकल्याची फुशारकी मारली होती. त्याची कितीही थट्टा करा, मूळ न्यूटन कुणी विसरणार नाही.

आपलं तसं नाही. मराठ्यांचा पहिला मोठा इंग्रजी इतिहास १८२६मध्ये लिहिला तो जेम्स ग्रँट डफनं, आणि हा गृहस्थ कोण, तर आपल्याच साताऱ्यातला कंपनीचा रेसिडेंट. आपली गोष्ट आधी दुसऱ्यानं सांगितली. नंतर आपण ती परत मिळवायला शंभर-दीडशे वर्षं घालवली. १९८०मध्ये 'घाशीराम कोतवाल' युरोपच्या दौऱ्यावर निघालं तेव्हा नाना फडणवीसांची परदेशात बदनामी होईल म्हणून केवढा गदारोळ झाला होता. त्या परदेशात मी चौदा वर्षं राहतेय. माझ्या ऑफिसात नाना फडणवीस कुणाला ठाऊक नाहीत. शिवाजी महाराज माहीत असलेले दोघे, त्यातला एक नाशिकचा. बदनामी व्हायची तर आधी नाव तरी माहीत हवं. म्हणून गोरे महाराज मला नको आहेत, अजून तरी. हे माझं मोजमाप दुटप्पी आहे हे मला कळतं, पण दोन्ही पारड्यांत वजन सारखं नाही.

लेझीमचं मात्र वेगळं आहे. तिथे चेहरा परका नव्हता, वाद्य परकं नव्हतं. लेझीम आपली आहे. लाकडी दांडा, लोखंडी साखळी, चकत्यांची ती छनछन, आणि थंडीत साखळीत सापडलेलं बोट. सातवीत माझं नख काळं-निळं झालं होतं आणि तरी मी रांग सोडली नव्हती. छत्रपती आपल्या माणसांत लेझीम खेळले, या कल्पनेनं त्यांचा मान जातो असं म्हणणाऱ्याला लेझीम हलकी वाटते, एवढंच त्यातून कळतं. इथल्या गणपतीत माझी लेक लेझीम खेळते. तिला मी काय सांगू, हे तुझ्यापुरतं ठीक आहे, राजाला शोभत नाही?

आणि न्यूटनच्या त्या प्रसंगाबद्दल माझी तक्रार आहे, पण ती रंगाची नाही. पुढच्या जबरदस्त गोष्टीशी त्याचा काडीचा संबंध नाही. विनोद म्हणून चिकटवलाय. 'न्यूटन किती देखणा होता नाही?' या डॉनाच्या वाक्यापलीकडे त्या नटाला काही करायलाच दिलेलं नाही. आपल्यातला माणूस न्यूटन म्हणून उभा केला, तर त्याला दोन वाक्यं तरी धड द्यायची होती. त्यापेक्षा शेवटच्या दृश्यात व्हीलचेअरवर बसलेले डॉनाचे म्हातारे आजोबा विल्फ्रेड बघा. ती भूमिका करणारे बर्नार्ड क्रिबिन्स २०२२च्या जुलैमध्ये गेले, हे त्यांचं डॉक्टरबरोबरचं अखेरचं काम. एका मिनिटात डोळे भरून येतात.

एवढं सगळं मी रात्री एक वाजता टाइप केलं. साताऱ्यात तेव्हा सकाळचे साडेसहा. मित्र उठलेलाच असतो, अजिंक्यताऱ्यावर फिरायला जातो. निळ्या खुणा आल्या, पण उत्तर नाही. हा मित्र शाळेत मुलांच्या लेझीम पथकाचा पुढारी होता, शिट्टी त्याच्याकडे असायची.

दुपारी उत्तर आलं. महाराजांबद्दल नाही, न्यूटनबद्दलही नाही.

"लेझीम खेळवायचीच होती तर आधी नीट शिकवायची तरी होती गं. दोन महिने आमच्याकडे पाठवलं असतं त्यांना."