विकतचं कुसळ

चौथीत असताना फळ्यावरचं दिसेना म्हणून जो चष्मा माझ्या नाकावर बसला, तो छत्तीस वर्षांनी घोडबंदर रोडवर उतरला. जुलैचा पाऊस, हेल्मेटच्या आत माझ्याच श्वासाची वाफ, समोर मेट्रोच्या कामाचे पत्रे. चष्मा लावून काही दिसत नव्हतं आणि काढला तर उणे सहा नंबर. स्कूटर ढकलत घरी आलो आणि जाहीर केलं, "मी लेन्स लावणार."

आईने मटार सोलता सोलता मान वर केली. "डोळ्यात कुसळ गेलं तर माणसं ते काढायला धावतात. तू पैसे मोजून घालून घेणार?"

नौपाड्यातल्या दुकानातल्या मुलीने लेन्सचा नंबर सांगितला, साडेपाच. म्हटलं, वा, अर्धा नंबर उतरला! तसं काही नव्हतं. चष्म्याची काच डोळ्यापासून बारा-एक मिलिमीटर लांब असते, लेन्स थेट बुबुळावर बसते, म्हणून तिला थोडा कमी नंबर पुरतो. मग प्रात्यक्षिक. डाव्या हाताने वरची पापणी धरायची, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने खालची ओढायची आणि तर्जनीवर ती थरथरणारी लेन्स घेऊन समोर बघत राहायचं. माझा डोळा लाजाळूच्या पानासारखा मिटायचा, तोही बोट लागायच्या आधीच. चुका डोळ्यात बोट घालून दाखवणारे साहेब मी ऑफिसात पुष्कळ पाहिलेत, पण इतकं पाणी तेव्हाही आलं नव्हतं. पन्नास मिनिटांनी उजवी बसली. मुलगी वाकून बघत म्हणाली, "काका, उलटी बसलीये."

लेन्स बोटाच्या टोकावर धरून बाजूने बघायची. वाटी दिसली तर सुलट, कड पसरून बशी झाली असेल तर उलटी. ओळखायला मला अडचण नव्हती. नाकासमोरचं मला चष्म्याशिवाय लख्ख दिसतं. आमच्या घरात सुईत दोरा मीच ओवतो.

ही मऊ लेन्स ओटो विख्टर्ले नावाच्या चेक रसायनतज्ज्ञाने केली. १९६१च्या नाताळात त्याने मेकॅनोसारख्या खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून घरच्या टेबलावर तिचं यंत्र उभं केलं. घरच्यांनी त्याला ते टेबल वापरू दिलं, याचंच मला जास्त कौतुक वाटतं.

लेन्स लावून राम मारुती रोडवर पाऊल टाकलं आणि सगळं ठाणं मोठं झालं. उणे नंबरच्या काचेतून वस्तू लहान दिसतात, लेन्समधून जवळजवळ खऱ्या मापाच्या. रिक्षा मोठ्या, वडे मोठे. घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो, तर पोटही. छत्तीस वर्षं चष्म्याने माझी केवढी भीड राखली होती! शिवाय नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन खड्डे. आई म्हणाली, "उघडाबोडका दिसतोस रे."

फायदे नव्हते असं नाही. मिसळीच्या तर्रीची वाफ तोंडावर आली तरी पाव दिसत राहायचा. कांदा चिरताना डोळ्यात टिपूस येईना. हे मी बायकोला कौतुकाने सांगितलं, ही चूक. तेव्हापासून कांदे माझ्याकडे आहेत. हाताची सवय मात्र जाईना. दर दहा मिनिटांनी बोट नसलेला चष्मा वर सरकवायला जायचं आणि भुवयांच्या मधोमध आपटायचं. मीटिंगमध्ये लोकांना वाटायचं, मी विचार करतोय.

चौथ्या रात्री डावी लेन्स निघेना. चिमटीत पकडली, सुटली. पुन्हा पकडली, पुन्हा सुटली. डोळा लालबुंद. आई दारात उभी. "मागे गेली असेल. मेंदूत."

मागे जाऊच शकत नाही, हे दुकानात ऐकलं होतं. पापणीच्या आतलं पातळ आवरण दुमडून डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच येतं, पलीकडे वाट नसते. पण रात्री अकरा वाजता शरीरशास्त्रावर श्रद्धा ठेवणं कठीण जातं. अखेर बायकोने माझ्या बाहीवरून काहीतरी उचललं. वाळून कडकडीत, जाड्या पोह्यासारखं. म्हणजे मघापासून मी स्वतःच्या बुबुळाला चिमटे काढत होतो.

"नळाखाली धू की," आई म्हणाली. तेच तर करायचं नसतं. नळाच्या पाण्यात एक अमिबा असू शकतो, त्याला बुबुळाचीच चटक. महिन्याची लेन्स चौथ्या दिवशी कचऱ्यात गेली.

नवी घेतली. हळूहळू बोटं वळली, दोन्ही डोळे तीन मिनिटांत व्हायला लागले. आणि मग एका रविवारी आईने सुई-दोरा पुढे केला. मी सुई नाकाशी धरली, नेढं दिसेना. हात लांब केला, थोडं दिसलं. आणखी लांब केला, तर हातच संपला. चष्मा काढला की जवळचं दिसायचं, त्या सोयीखाली माझी चाळिशी इतकी वर्षं लपून बसली होती. आता काढायला काही नव्हतं.

पुन्हा नौपाडा. मुलगी म्हणाली, "काका, वाचायला दीडचा लागेल. लेन्सवरूनच घाला."

घरी आलो, नवा चष्मा नाकावरच्या जुन्या खड्ड्यांत बसवला आणि दोरा ओवून सुई आईच्या हातात दिली. तिने सुईकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "हं. आता कसा आमचा दिसतोस."